डब्या नेल्यात, आता निकाल पण आणून द्या : नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हसरूळ, नाशिक, तिथे संशोधनाचं काम बघणारी सगळी मंडळी, आणि पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य), मायक्रोबायोलॉजी, बालरोग या विषयांत एमडी करणारे राज्यातले सगळे तरुण डॉक्टर यांना

सप्रेम नमस्कार.

मी पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मी डॉक्टर नाही, पण जंतनाशक दिनाला मुलांच्या हातावर गोळी ठेवून ती समोर चावून खायला लावायची, ज्यांनी खाल्ली त्यांच्या नावापुढे टिक करायची आणि आजारी मुलांना बाजूला काढायचं, हे काम माझ्याकडे असतं, त्यामुळे जंत या विषयाशी माझा संबंध तुमच्याइतकाच जवळचा आहे असं मी समजते. विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्ये आहे, राज्यातली बहुतेक मेडिकल कॉलेजं तुमच्याशी जोडलेली आहेत, आणि दिंडोरी रोडवरच्या तुमच्या गेटपासून पेठ तालुका गाडीने फार तर दीड तास. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाड्यावर एका मेडिकल कॉलेजची टीम आली होती. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण भांडण कुणा एकाशी नाहीये. चांगली पोरं होती, गोड बोलली, मुलांची वजनं-उंच्या घेतल्या, बोटातून रक्त घेतलं आणि प्रत्येकाला एक प्लास्टिकची डबी दिली, उद्या सकाळी यात शी आणायची. आता विचार करा, सातवी-आठवीतल्या मुलीला डबीत शी घेऊन शाळेत यायला किती लाज वाटली असेल, तरी त्यांनी आणल्या, कागदात गुंडाळून, दप्तरात लपवून आणल्या, कारण बाईंनी सांगितलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की यातून तुमचाच फायदा आहे. आयांनी संमतीच्या कागदावर अंगठे दिले. टीम गेली, आणि मग काहीच नाही. ना फोन, ना चिठ्ठी, ना पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, काही निरोप. एका मुलीची आई मला अजूनही बाजारात भेटली की विचारते, "बाई, त्या डबीत काय निघालं वो?" मी काय सांगू तिला? त्या डब्यांवर कुणीतरी एमडी झालं असेल, कुठल्यातरी जर्नलमध्ये पेपर आला असेल, त्यात आमचा पाडा "ट्रायबल एरिया" म्हणून एका ओळीत असेल, आणि थिसिसची काळी बाइंड केलेली प्रत लायब्ररीत उभी असेल.

माझी मागणी एवढीच आहे की ज्यांच्याकडून नमुने घेता त्यांना निकाल सांगणं हा संशोधनाचा भाग समजा. तो राहिला तर काम अपुरं धरा, आणि अपुऱ्या कामाला सही देऊ नका.

हे मी मनाने नवीन काही मागत नाहीये. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्या असं आहे, सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःलाही विचारा असं आहे, आणि ज्या समाजात संशोधन करता त्यांना त्याचा फायदा पोचवा हेही आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचा हेलसिंकी जाहीरनामा तर 1964 पासून आहे, त्यात पुढे हे पण आलं की भाग घेणाऱ्यांना अभ्यासाचा निष्कर्ष कळून घेण्याची सोय हवी. मग संमतीचा फॉर्म मराठीत छापता येतो आणि निकाल मराठीत छापता येत नाही, असं का होतं? फॉर्म नसेल तर एथिक्स कमिटी परवानगी देत नाही म्हणून फॉर्म होतो, निकालाचं कुणी विचारत नाही म्हणून निकाल राहतो. उपाय त्यातच आहे, विचारायला सुरुवात करा.

निकाल लोकांपर्यंत पोचला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे नारू. आजच्या पोरांना माहीतही नाही, पण आमच्या आजीच्या पिढीने पायातून बाहेर येणारा तो हातभर पांढरा दोरा बघितलाय, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा, तुटला तर पाय सडायचा. महाराष्ट्र नारूच्या राज्यांपैकी एक होता. या रोगावर लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं, आजही नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात त्याची पिल्लं असतात, आणि पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेल्या माणसाने पाय बुडवला की ती पाण्यात सुटतात, एवढं शास्त्रज्ञांनी शोधलेलं होतं. ते समजावून सांगितलं गेलं, पाणी दुपदरी फडक्यातून गाळा, नारू झालेल्याने विहिरीत उतरू नका, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, हापसे बसवा, पाण्यात अळीनाशक टाका. 1983-84 च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, देशातली शेवटची केस जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडली आणि फेब्रुवारी 2000 मध्ये डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) भारत नारूमुक्त असल्याचं सर्टिफिकेट दिलं. एक आख्खा रोग गेला, आणि त्यातलं निम्मं काम पाणी भरणाऱ्या बायांनी केलं, कारण पाण्यात काय आहे आणि फडकं का लावायचं हे त्यांना कुणीतरी नीट सांगितलं होतं.

आता पोटातल्या जंतांचं बघा. जगात साधारण दीड अब्ज लोकांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत असं डब्ल्यूएचओ सांगते. आपल्याकडे फेब्रुवारी 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट, तारखा कधी पुढेमागे होतात, 1 ते 19 वयाच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी. चांगला कार्यक्रम आहे, मी मनापासून करते आणि करत राहीन, कुणी या पत्राचा अर्थ गोळी देऊ नका असा लावू नये. पण मला प्रश्न पडतात आणि ते विचारायला जागा नाहीये. गोळी पोटात आज असलेले जंत मारते, उद्या परत शिरणाऱ्याला अडवत नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, ती अंडी मातीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हुकवर्म तर तोंडातून यायचीही वाट बघत नाही, ओल्या मातीत अनवाणी पाय पडला की अळी कातडीतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की आतड्यात, आणि तिथे चिकटून रक्त पीत बसते. आमची मुलं पावसाळ्यात भात आवणीला आईबापाबरोबर चिखलात असतात. संडास बांधलेत, खरंय, पण एप्रिल-मे मध्ये जिथे प्यायच्या पाण्यासाठी दरीत उतरावं लागतं तिथे संडासात ओतायला पाणी कुठून आणणार. मग ऑगस्टमध्ये गोळी खाल्लेल्या मुलाच्या पोटात दिवाळीपर्यंत परत किती जंत होतात? हे कुणी मोजलंय का आमच्याकडे? मोजलं असेल तर आम्हाला सांगा ना.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास 69 टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. यात हुकवर्मचा वाटा किती, जेवणाचा किती, सिकलसेलचा किती, मलेरियाचा किती, हे जागेप्रमाणे बदलणार. सुरगाण्यात एक असेल, निफाडात दुसरं असेल. आम्ही सगळ्यांना सरसकट लोहाची गोळी आणि जंताची गोळी देतो आणि पुढच्या वर्षी ती मुलगी परत तितकीच पांढरीफटक दिसते.

डब्ल्यूएचओचा हिशोब असा आहे की ज्या भागात 20 टक्क्यांच्या वर मुलांना जंत आहेत तिथे वर्षातून एकदा गोळी, 50 टक्क्यांच्या वर असतील तर दोनदा, आणि काही वर्षांनी परत मोजून ठरवा. म्हणजे आपल्या तालुक्याचा आकडा माहीत असल्याशिवाय योग्य डोस ठरतच नाही. पेठचा आज काय आहे, सुरगाण्याचा काय, त्र्यंबकचा काय? एमडीच्या एका थिसिसचं काम आहे हे, मोठ्या ग्रँटचं नाही. आणि मोजणार असाल तर इथे येऊन मोजा. मी वाचलं तेव्हा मला धक्काच बसला, शी तपासायला काटो-कॅट्झ म्हणून जी पद्धत वापरतात त्यात स्लाइडवर ग्लिसरीन असतं आणि हुकवर्मची अंडी तासाभरात विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, म्हणून ती स्लाइड अर्ध्या-पाऊण तासात बघावी लागते. नमुनाही गरमीत पडून राहिला की बिघडतो. मग आमच्या पोरांच्या डब्या सकाळी गोळा करून, दुपारच्या जेवणानंतर जीपमध्ये ठेवून, सावळघाट ओलांडून नाशिकला नेल्या आणि दुसऱ्या दिवशी बघितल्या, तर त्यात हुकवर्म "नाही" असं निघालं तरी ते खरं कशावरून? मायक्रोस्कोप पीएचसीत असतो, नसेल तर शाळेच्या एका खोलीत मांडा, टेबल मी देते, लाइट गेली तर आरशावर चालणारा जुना मायक्रोस्कोप आणा. तेव्हाच्या आमच्या डब्यांचं काय झालं हे मला माहीत नाही, म्हणूनच विचारतेय.

दुसरी गोष्ट जी इथे राहिल्याशिवाय कळत नाही ती म्हणजे तारीख. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची निम्मी घरं कुलूप लावून द्राक्षाच्या कामाला जातात, दिंडोरी, वणी, पिंपळगाव, निफाड. डिपिंग, थिनिंग, मग जानेवारीपासून माल काढणी, ते थेट होळीला परत. बरोबर लहान मुलं जातात, बागेच्या बांधावर पाल ठोकून राहतात, तिथे संडास नाही, बाजूलाच सगळे बसतात, त्याच मातीत मुलं खेळतात. आणि 10 फेब्रुवारी बरोबर या सगळ्याच्या मधोमध येते! त्या दिवशी ही मुलं माझ्या पटावर असतात पण शाळेत नसतात, बागेजवळच्या शाळेच्या पटावर नसतात, तिथल्या अंगणवाडी ताईला कुणी सांगितलं तर ती जाते, सगळीकडे नाही जमत तिला, तिच्याकडेही आधीच डोक्यावर कामं आहेत. म्हणजे ज्या मुलांना जंत व्हायची भीती सगळ्यात जास्त तीच मुलं वर्षातून एक डोस हुकवतात. आठवड्याने राहिलेल्या मुलांना गोळी द्यायचा मॉप-अप दिवस असतो, त्यालाही ती नसतात. टक्केवारी मात्र आलेल्या मुलांवर छान निघते. यावर कुणी नीट अभ्यास केला, स्थलांतर करणारी आणि न करणारी मुलं अशी तुलना केली, तर जिल्ह्याला तारीख बदलायला किंवा बागेवर गोळी पोचवायला एक ठोस कागद मिळेल. माझ्यासारखीने तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, सांगून झालंय.

निष्कर्ष उशिरा सांगितले की काय होतं त्याचंही उदाहरण आपल्याच देशातलं आहे. उत्तर प्रदेशात दहा लाख लहान मुलांवर डेव्हटा नावाचा अभ्यास झाला, 1999 ते 2004, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल, शिवाय व्हिटॅमिन ए. जगातल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासांपैकी एक. त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आले 2013 ला. गोळीने मुलांच्या वजनात किंवा मृत्यूच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही असं त्यात निघालं, आणि त्या भागात जंतांचं ओझं मुळात हलकं होतं हेही त्यांनीच लिहिलंय. आता हे आम्हाला लागू होतं का? आमच्याकडे ओझं हलकं आहे की जड? परत तोच प्रश्न, आकडा कुठेय. जे लोक वर्षानुवर्षं हा डोस देतायत, शिक्षक, आशा, अंगणवाडी ताई, त्यांच्यापैकी कुणाला तरी या अभ्यासाचं नाव कधी कुणी सांगितलंय का? आम्हाला सांगितलं तर आम्ही गोळी देणं सोडून देऊ अशी भीती वाटते का? तसं होणार नाही. जो माणूस "का" समजून काम करतो तो जास्त नीट करतो, एवढा तरी विश्वास ठेवा.

फिट येणाऱ्या मुलांबद्दल पण लिहायलाच हवं. आमच्या भागात फिट आली की आधी भगताकडे नेतात, मग कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, खूप उशिरा दवाखाना. ओळखीतल्या एका मुलाला शेवटी नाशिकला नेलं, स्कॅन काढला, मेंदूत गाठ दिसली आणि डॉक्टरांनी सांगितलं की ही जंताची आहे. बाप म्हणे, आम्ही डुकराचं मटण आयुष्यात खाल्लं नाही, हे खोटं आहे, आणि औषध मध्येच सोडलं. त्याला कुणी हे सांगितलं नाही की डुकराच्या मटणातून पोटात पट्टकृमी होतो, पण मेंदूत गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात पट्टकृमी झालेल्या कुठल्याही माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातातून, घाणीच्या पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून. शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो तो. ज्या भागात हा कृमी आहे तिथल्या मिरगीच्या रुग्णांपैकी साधारण 30 टक्क्यांच्या मागे हे कारण असतं असं डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे. नाशिक तर भाजीचा जिल्हा, इथून मुंबईला ट्रक भरून भाजी जाते. आपल्या जिल्ह्यात फिट येणाऱ्यांमध्ये किती जणांना हे आहे, आणि कुठल्या नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी बाजारात येते, हा विषय घ्यायला कुणी डॉक्टर नाही का मिळणार? दोन मिनिटांचं मराठी समजावणं त्या बापाला मिळालं असतं तर औषध पूर्ण झालं असतं.

असं संशोधन आपल्या मातीत झालेलं आहे म्हणून तर मागायची हिंमत होते. महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत डॉ. हिंमतराव बावस्कर होते, समोर विंचू चावलेली माणसं मरत होती, त्यांनी तिथेच रात्र रात्र पेशंटजवळ बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीने माणसं वाचतात हे 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. कोकणातला प्रश्न होता, कोकणातल्याच डॉक्टरने विचारला, आणि उत्तर गावोगावच्या दवाखान्यात पोचलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, 1999 मध्ये त्याचा पेपर आला आणि आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन-ताप बघते ती पद्धत त्यातूनच पुढे आली. दोन्हीकडे प्रश्न लोकांचा होता, आणि उत्तर आधी लोकांच्या कामाला आलं.

मग विद्यापीठाने काय करावं. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, मंजूर करताना एक पान जास्तीचं मागा, निकाल कुणाला, कधी आणि कसा सांगणार. थिसिस जमा करताना दोन पानी मराठी सारांश बंधनकारक करा, सहावी शिकलेल्या बाईला वाचता येईल असा, आणि तो पीएचसी, शाळा आणि ग्रामपंचायत यांना पोचल्याची सही जोडायला लावा. ज्या मुलाच्या नमुन्यात काही निघालं त्याला उपचार मिळालाच पाहिजे, ते तर वेगळं सांगायलाही नको होतं. आणि दरवर्षी एकदा आशा, सिस्टर, शिक्षक, पीएचसीचे वैद्यकीय अधिकारी यांना बोलवा, चहा नका देऊ हवं तर, फक्त विचारा की तुम्हाला काय प्रश्न पडतात, ते प्रश्न कॉलेजांना पाठवा. थिसिसला विषय मिळत नाही म्हणून जुनाच विषय गाव बदलून करणारी मुलं आहेत असं डॉक्टर मंडळीच बोलतात. आमच्याकडे विषयांचा दुष्काळ नाही. मुलांच्या तोंडावरचे पांढरे डाग बघून आया जंताची गोळी मागतात, ते डाग बहुतेक वेळा जंताचे नसतात, मग कशाचे? गूळ बंद केल्याने जंत कमी होतात असं मानून आधीच कमी खाणाऱ्या मुलांचा गूळ तोडतात, त्याने किती नुकसान होतं? साप चावल्यावर सुरगाण्याहून नाशिकला पोचेपर्यंत किती वेळ जातो आणि तो कुठे जातो?

2027 ला सिंहस्थ आहे. तेव्हा देशातून, परदेशातून अभ्यास करायला लोक येतील, गर्दी, पाणी, साथी, सगळं मोजलं जाईल, आणि ते व्हायलाच हवं, लाखो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. फक्त त्यातला काही पैसा, काही माणसं, काही मायक्रोस्कोप घाट ओलांडून इकडे पण येऊ देत, ब्रह्मगिरीच्या मागे पण माणसं राहतात.

येणार असाल तर एक कळकळीची विनंती, गणपती ते दिवाळी या काळात या. तेव्हा सगळी मुलं घरी असतात, पाऊस ओसरलेला असतो, रस्ते चालू असतात. त्या मुलांची नावं लिहून घ्या, आणि तीच मुलं होळीला द्राक्षाच्या कामावरून परत आली की पुन्हा तपासा, तेव्हाच कळेल बागेवर काय झालं ते. पटाची यादी, कुणाचं कुटुंब कुठल्या गावाला जातं, कुणाचा मोबाईल लागतो, हे सगळं आईबापांची परवानगी घेऊन मी काढून ठेवते. डब्यांचं मुलींना समजावून सांगायचं कामही माझं. निकाल सांगायला मात्र तुम्हीच यायचं, शाळेच्या ओट्यावर आयांना बसवते, तुम्ही मराठीत बोला, आणि ज्या बाईने अंगठा दिलाय तिला तिच्या पोरीच्या डबीत काय निघालं ते तिच्याशी बाजूला बसून सांगा.

आपली,
पेठ तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका